कधी न खेळलेल्या मुली

खेळ म्हटला की आपल्याला हुतुतू आठवतो, खोखो आठवतो. अमेरिकेत लॅक्रॉस नावाचा एक खेळ आहे. तो खेळ आणि तो मुलींना शिकवणाऱ्या एका बाई, यांची हकिगत आज आम्ही सांगणार आहोत.

हा खेळ मूळचा अमेरिकेतल्या आदिवासींचा. गोरे लोक तिकडे जाण्याच्या आधीपासून ते तो खेळत. खेळणाऱ्याच्या हातात काठी असते. काठीच्या टोकाला जाळीची लहान झोळी असते. चेंडू रबराचा. तो हाताने धरायचा नाही. झोळीत झेलायचा, झोळीतूनच फेकायचा आणि समोरच्यांच्या गोलात मारायचा. चेंडू घेऊन पळताना काठी सारखी हलती ठेवावी लागते, बाळाचा पाळणा हलवावा तशी. नाहीतर चेंडू पडलाच! मुलींच्या संघात बारा जणी असतात.

तिकडेही पूर्वी कॉलेजात मुलींच्या खेळांवर फारसा खर्च होत नसे. १९७२ साली सरकारने कायदा केला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही, असे ठरले. मग मुलींच्या खेळांना बळ आले. खेळ शिकवणाऱ्या शिक्षिकांची गरज वाढली. अशा शिक्षिकेला तिकडे कोच म्हणतात.

केली अमाँटी हिलर या अशाच एक कोच. कॉलेजात असताना त्या मेरीलँड विद्यापीठाच्या संघातून खेळल्या. १९९५ आणि १९९६ साली त्यांचा संघ सगळ्या देशात पहिला आला. त्यांच्या कोच होत्या सिंडी टिमशल. या सिंडीबाईंनी त्याआधी शिकागो शहराजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकवले होते. पण त्या गेल्यावर थोड्याच वर्षांत, १९९२ साली, नॉर्थवेस्टर्नने मुलींचा लॅक्रॉस संघ बंद केला.

पुढे विद्यापीठाने संघ पुन्हा उभा करायचे ठरवले. ते काम केलीबाईंवर सोपवले. गुरूने सोडलेल्या जागी शिष्या आली!

पण अडचण मोठी होती. हा खेळ जास्त चालतो तो देशाच्या पूर्व किनाऱ्याकडे. तिथल्या मुली शाळेपासून काठी हातात घेतात. त्यांना जवळचीच नामांकित कॉलेजे हवी असत. सुमारे हजार किलोमीटर लांबच्या नव्या संघात कोण येणार?

केलीबाई हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. एकदा विद्यापीठाच्या आवारात त्यांना दोन जुळ्या बहिणी दिसल्या. अंगाने काटक, चालण्यात चपळ. बाईंनी त्यांना थांबवले आणि विचारले, लॅक्रॉस खेळाल का? दोघी हा खेळ कधीच खेळल्या नव्हत्या. तरी बाईंनी त्यांना संघात घेतले. खेळ आम्ही शिकवू, तुमची मेहनतीची तयारी हवी, असा त्यांचा हिशेब.

२००२ साली संघ मैदानात उतरला. तीनच वर्षांनी, २००५ साली, तो सगळ्या देशात पहिला आला. त्या वर्षी त्याने एकवीस सामने खेळले आणि एकवीसही जिंकले! पूर्व भागाबाहेरच्या कॉलेजाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. आणि त्या दोन जुळ्या बहिणी? त्या याच संघात होत्या.

पुढे २००९ पर्यंत दरवर्षी हाच संघ पहिला आला. २०१० साली शेवटच्या सामन्यात हरला. कोणी हरवले? मेरीलँडने, म्हणजे बाईंच्या स्वतःच्या जुन्या कॉलेजाने! २०११ आणि २०१२ साली नॉर्थवेस्टर्न पुन्हा जिंकला. नंतर मात्र दहा वर्षे विजेतेपद मिळाले नाही. बाईंनी काम सोडले नाही. शेवटी २०२३ साली त्यांनी आठव्यांदा विजेतेपद मिळवले.

मंडळी, “आता या वयात काय शिकायचं?” असे पुष्कळ जण म्हणतात. त्या बहिणींच्या हाती काठी उशिरा आली. आपल्या हाती पाटी उशिरा आली. आधी हात चुकतो, मग वळण पडते. मात्र शिकणाऱ्याला हाक मारणारे कोणीतरी लागते. तुमच्या वाडीवर अजून किती जण वाचायला शिकले नाहीत? त्यांतल्या एकाला आज तुम्ही विचाराल का?

प्रश्न
१. लॅक्रॉसमध्ये चेंडू कशाने झेलतात?
२. १९७२ सालच्या कायद्याने मुलींचा काय फायदा झाला?
३. केलीबाईंनी न शिकलेल्या मुलींना संघात का घेतले?