रत्नांची कठिणता: समज आणि शास्त्र

चंदीगड येथील रॉक गार्डन १९७६ साली जनतेसाठी खुले झाले. नेकचंद सैनी यांनी टाकाऊ वस्तूंतून उभारलेल्या या शिल्पसृष्टीत फुटक्या काचेच्या बांगड्यांनी नटलेले पुतळे आहेत, तसेच शिवालिकच्या पायथ्याशी वेचलेले दगडगोटेही आहेत. बांगडीची काच गारेच्या गोट्यावर घासली, तर ओरखडा काचेवर उमटतो; गोटा शाबूत राहतो. खनिजशास्त्रातील कठिणता म्हणजे ओरखड्याला विरोध करण्याची हीच शक्ती होय.

या तत्त्वावर जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ साली दहा खनिजांची श्रेणी रचली. शंखजिरे १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लोराइट ४, ॲपेटाइट ५, ऑर्थोक्लेज ६, क्वार्ट्‌झ म्हणजे गार ७, टोपाझ ८, कुरुंद ९ आणि हिरा १०. नखाची कठिणता सुमारे २.५, तर साध्या काचेची सुमारे ५.५ असते. हे आकडे केवळ क्रम दाखवितात, प्रमाण नव्हे. कुरुंद आणि हिरा यांत एकाच अंकाचे अंतर दिसते. प्रत्यक्षात हिरा कुरुंदाच्या कितीतरी पट कठीण आहे.

नवरत्नांकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यांतील विषमता ध्यानात येते. माणिक, नीलम आणि पिवळा पुष्कराज ही कुरुंदाचीच रूपे, म्हणून त्यांची कठिणता ९. लसण्या ८.५, पाचू ७.५ ते ८, गोमेद सुमारे ७. पोवळे मात्र ३ ते ४ आणि मोती २.५ ते ४.५ इतकेच. घरातील धुळीत गारेचे सूक्ष्म कण असतात. त्यामुळे कोरड्या फडक्याने पुसलेला मोतीही हळूहळू निस्तेज होतो.

अस्सल हिरा घणाचा घाव सोसतो, हा समज फार जुना आहे. तो खरा नाही. कठिणता वेगळी आणि चिवटपणा वेगळा. हिऱ्यात चार दिशांना सहज दुभंगणारी पातळी असतात. त्या दिशेने घाव बसला, तर जगातील सर्वांत कठीण खनिजही फुटते. या समजापायी केलेली परीक्षा खऱ्या हिऱ्याचाच घात करील. काचेवर ओरखडा उमटला म्हणजे खडा हिरा ठरला, असेही नाही. गार, टोपाझ आणि कृत्रिम झिरकॉनियासुद्धा काचेवर ओरखडा उमटवितात. खात्रीसाठी रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र हाच विश्वसनीय मार्ग होय.

लॉकरमध्ये दागिने ठेवतानाही हे ज्ञान उपयोगी पडते. हिऱ्याची अंगठी आणि मोत्यांचा सर एकाच डबीत ठेवल्यास चोरी न होताही नुकसान होते. प्रत्येक दागिना स्वतंत्र मऊ पिशवीत ठेवणे, हाच त्यावरील सोपा उपाय आहे. लॉकरचे दार चोराला अडविते. डबीच्या आतील ओरखडे टाळणे मात्र ग्राहकाच्याच हाती असते.