फिस्टुलाची थरथर रोज पाहा

आपल्या वस्तीत डायलिसिसवर असलेली माणसं आता घराघरांत दिसतात. त्यांच्या हातातला फिस्टुला ही त्यांची जीवनदोरी. छोटं ऑपरेशन करून हातातली रोहिणी शिरेला जोडतात. रक्ताच्या जोराने ती शीर दीड-दोन महिन्यांत फुगून जाड होते, मग तिच्यात सुया घालता येतात. वर बोटं ठेवली की थरथर जाणवते. थरथर आहे म्हणजे रक्त वाहतं आहे.

आमच्या ओळखीच्या एका ताईंची थरथर रविवारी रात्री थांबली. "मंगळवारी डायलिसिस आहेच, तेव्हा सांगू," असं घरच्यांनी ठरवलं. मंगळवारपर्यंत गुठळी घट्ट झाली. फिस्टुला गेला, मानेत नळी घालावी लागली. नंतर कुणीतरी सांगितलं, "होमोसिस्टीन वाढलं असेल." उसने पैसे काढून तपासणी केली आणि ते वाढलेलं निघालं.

होमोसिस्टीन आपल्या शरीरातच तयार होतं. फॉलिक ॲसिड, बी-१२ आणि बी-६ या जीवनसत्त्वांच्या मदतीने शरीर त्याचा निचरा करतं. किडनी निकामी झाली की ते साचतं, म्हणून डायलिसिसच्या बहुतेक रुग्णांत ते जास्तच सापडतं. ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा करतं, म्हणून डॉक्टरांनाही त्याच्यावर संशय होता. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत दोन हजारांवर किडनीरुग्णांना या जीवनसत्त्वांचे मोठे डोस किंवा औषध नसलेल्या तशाच गोळ्या देऊन पाहिलं. २००७ साली निकाल आला : होमोसिस्टीन उतरलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत आणि डायलिसिसच्या जोडणीतल्या गुठळ्याही कमी झाल्या नाहीत.

म्हणून या तपासणीसाठी कर्ज काढू नका. डॉक्टरांनी दिलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र बंद करू नका. डायलिसिसमध्ये ही जीवनसत्त्वं वाहून जातात.

घरात एवढं पाळा :

१. सकाळ-संध्याकाळ थरथर पाहा. रुग्णाला जमत नसेल तर घरातल्या एकाने पाहावी.
२. त्या हातावर बीपी मोजू देऊ नका, रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका.
३. तो हात उशाशी घेऊन झोपू नका. घट्ट बांगड्या, घड्याळ, दोरा नको. त्या हाताने हंडा उचलू नका.
४. डायलिसिसला जाण्याआधी हात साबणाने धुवा.
५. चक्कर येत असेल, बीपी उतरत असेल तर नर्सला लगेच सांगा. बीपी उतरलं की गुठळीचा धोका वाढतो.
६. हात सुजला, लाल झाला किंवा सुया काढल्यावर रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबेना, तर तेही सांगा. पुढे शीर अरुंद झालेली असू शकते.

थरथर थांबली तर रात्र असो की रविवार, त्याच वेळी दवाखाना गाठा. लवकर पोहोचलं तर गुठळी काढून फिस्टुला वाचू शकतो. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा, पण विचारायला म्हणून दिवस घालवू नका.