एका छायाचित्राचा धडा

स्त्रियांचा इतिहास केवळ नांवें व सन घोकून कळत नाहीं. म्हणून आम्ही वर्गापुढें फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांतील १८८५ सालचें छायाचित्र ठेवितों. जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबुली व आपल्या आनंदीबाई जोशी, तिघीहि स्वदेशी पोषाखांत! परदेशांत लुगडें कां? उत्तरासाठीं आम्ही आनंदीबाईंचें बंगालमधील सेरामपूर येथील १८८३ चें भाषण वाचितों. परदेशीं गेल्यावरहि वेष व आहार बदलणार नाहीं, असें त्यांनीं तेथें सांगितलें होतें. चित्र एका क्षणाचेंच; तरी तें त्या शब्दांस साक्ष देतें. १८८७ सालीं, अवघ्या एकविसाव्या वर्षीं त्या वारल्या. जपलेल्या कागदांमुळें त्यांचे शब्द उरले. विद्यार्थिमित्रहो, आजीच्या पेटींतील जीर्ण पत्र फेंकण्यापूर्वीं एकदां वाचून पहा.