वाटेचे ऋण
(अभ्यासपाठ : दीर्घ पदयात्रा व अल्पपरिचित भूमी)



कार्तिकी एकादशीच्या भजनानंतर आपल्या मंडळीतील एका तरुणाने वडिलांच्या समक्ष आम्हास एक प्रश्न विचारला. नोकरीतून सहा महिन्यांची मोकळीक घेऊन पायी नर्मदा परिक्रमेस जावे, अशी त्याची इच्छा आहे. वडिलांचे म्हणणे असे की, कमावत्या वयात घर सोडून अनोळखी रानावनांतून हिंडणे म्हणजे कर्तव्यापासून पळ काढणे होय. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्हीच लहानपणी आम्हाला यात्रेच्या गोष्टी सांगत होता ना?” पितापुत्र दोघेही आमच्या मुखाकडे पाहू लागले. त्या रात्री आम्ही निर्णय दिला नाही. विचारास अवधी मागून घेतला. तो विचार या पाठाच्या रूपाने सर्वांपुढे ठेवीत आहोत, कारण असा प्रश्न आज अनेक घरांत निघत असेल.

१. केवळ चालण्याने काय साधते?

दीर्घ भ्रमंतीची थोरवी सांगताना ऐतरेय ब्राह्मणातील रोहिताचे आख्यान पुष्कळदा सांगितले जाते. राजा हरिश्चंद्राने पुत्रप्राप्तीसाठी वरुणास नवस केला आणि तोच पुत्र बळी देण्याचे कबूल केले. रोहित वयात आला, त्यास ही गोष्ट कळली, तेव्हा तो धनुष्य घेऊन अरण्यात निघून गेला. वर्षामागून वर्ष गेले. तो गावाकडे परतू लागला की इंद्र ब्राह्मणवेषाने त्याला भेटे आणि चालत राहण्याचा उपदेश करी. असे पाच वेळा घडले. हा उपदेश पुढे फार प्रसिद्ध झाला.

परंतु कथा तेथे संपत नाही, हे आपण बहुधा विसरतो. सहाव्या वर्षी रोहितास अरण्यात अजीगर्त नावाचा भुकेने व्याकूळ झालेला ऋषी भेटला. रोहिताने शंभर गाई देऊन त्याचा मधला मुलगा शुनःशेप विकत घेतला. हेतू हा की, आपल्या जागी त्याचा बळी जावा. इतकी वर्षे अरण्य तुडवूनही दुसऱ्याच्या लेकराचे दुःख त्याला कळले नाही. पुढे देवांच्या स्तवनाने शुनःशेप मुक्त झाला, ते श्रेय रोहिताच्या भटकंतीचे नव्हे.

यावरून आम्ही असे समजतो की, पाय चालले म्हणजे मन चालते असे नाही. किती कोस गेलो, किती महिने बाहेर राहिलो, यावरून यात्रेचे मोल ठरत नाही. ज्या भूमीवरून गेलो आणि ज्यांचे अन्नपाणी घेतले, त्यांचे ऋण मानले की नाही, यावर ते ठरते.

२. परिक्रमेचे नियम आणि त्यांतील मर्म

हे ऋण मानण्याची रीत आपल्या पूर्वजांनी नर्मदेच्या परिक्रमेत उत्तम बसविली आहे. नर्मदा अमरकंटकास उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहून भडोचजवळ खंबायतच्या आखातास मिळते. दोन्ही काठ मिळून अडीच हजार किलोमीटरांहून अधिक वाट होते. परंपरेने या व्रतास तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस सांगितले आहेत. आज पायी जाणारे पुष्कळ जण काही महिन्यांतच ती पुरी करतात; वाहनाने जाणारे तर थोड्या दिवसांत परततात.

नियम थोडेच आहेत. नदी सदैव उजव्या हातास ठेवावी. मुख्य पात्र ओलांडू नये; मुखाशी मात्र नावेने समुद्रातून पलीकडच्या काठास जावे. गरजेपुरतेच जवळ बाळगावे, साठा करू नये. चातुर्मासात एके ठिकाणी थांबावे. वाटेत मिळेल ती भिक्षा वा सदावर्त घ्यावे आणि भेटेल त्यास ‘नर्मदे हर’ म्हणावे.

वरवर पाहता हे केवळ धार्मिक निर्बंध वाटतील. पण नदी ओलांडावयाची नाही असे ठरले की सोयीची वाट निवडता येत नाही; काठावर जे गाव येईल ते आपले मानावे लागते. साठा करावयाचा नाही म्हटले की रोज कोणाच्या तरी दारी उभे राहावे लागते, मग अहंकारास थारा उरत नाही. पावसाळ्यात थांबण्याचा नियम तर निव्वळ शहाणपणाचा आहे; त्या दिवसांत नाले एकाएकी फुगतात आणि वाटा पुसल्या जातात.

या वाटेवर शूलपाणीची झाडी नावाचा सातपुड्यातील दुर्गम प्रदेश लागतो. त्याचा काही भाग आपल्या नंदुरबार जिल्ह्यात आहे. पूर्वी तेथील भिल्ल परिक्रमावासीयांचे सर्व काही काढून घेत आणि त्यास लंगोटीवर सोडीत. जुने यात्रेकरू हे गाऱ्हाणे म्हणून सांगत नसत. मातेने आपले ओझे उतरविले, असे मानीत. आज ती जुनी वाट बऱ्याच अंशी सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली आहे. शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिर बुडाले आणि महाराष्ट्रातील तेहतीस गावांस त्या पाण्याची झळ लागली. ज्यांनी यात्रेकरूचे गाठोडे घेतले त्यांची घरे-शेते पुढे जलाशयाने घेतली, हेही आजच्या परिक्रमावासीयाने ध्यानी ठेवले पाहिजे.

३. गृहस्थाश्रमी दोन प्रवासी

कोणी म्हणेल, हे सारे संन्याशांचे काम. तसे नाही. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे कर्जाच्या भाराने गांजलेल्या कुटुंबातील गृहस्थ होते. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेने ते १८५७ साली चुलत्यांबरोबर पायी निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशी इंग्रजांनी घेतली तेव्हा ते त्या शहरातच होते. मिळविलेले धन वाटेत लुटले गेले. तरीही परतताना त्यांनी आईवडिलांसाठी गंगोदक आणले. त्यांनी लिहिलेला ‘माझा प्रवास’ हा वृत्तान्त चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. धन गेले, परंतु डोळ्यांनी पाहिलेले राहिले, आणि त्यामुळे त्या काळची सामान्य माणसे आज आपणास दिसतात.

दुसरे उदाहरण जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांचे. ते नंदलाल बोस यांचे शिष्य, कलाशिक्षक व संसारी गृहस्थ होते. १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी नर्मदेच्या काठाने चालण्यास आरंभ केला. काही दिवस चालावे, घरी यावे, आणि पुढील खेपेस दुसरा टप्पा घ्यावा, असा त्यांचा क्रम होता. अशा तुकड्यातुकड्यांनी त्यांनी नदी पायाखाली घातली, चित्रे काढली आणि हिंदी व गुजराती भाषांत ग्रंथ लिहिले. त्यांचे निधन २०१८ मध्ये झाले. कर्तव्य न सोडता दीर्घ यात्रा होऊ शकते, हा धडा त्यांनी आपणास दिला आहे.

४. आपल्या दारची नदी

आता आपल्या वासोण्याकडे वळू. सिंहांच्या उद्यानामुळे या गावाचे नाव दूरवर पोहोचले आहे. लोक गाडीने येतात, सिंह पाहतात, खानवेलकडे वा दुधनीच्या जलाशयाकडे जातात आणि सायंकाळी परततात. त्यांस दोष का द्यावा? आपण येथे राहणारे तरी या मुलखास किती ओळखतो?

दमणगंगा नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत उगम पावते. जव्हार-मोखाड्याकडून वाघ नदी तिला येऊन मिळते. खानवेलकडची साकरतोड हीदेखील तिचीच उपनदी. मधुबन धरणाच्या जलाशयात विसावून ती सिल्वासाजवळून पुढे जाते आणि दमण येथे समुद्रास मिळते. तिची सारी लांबी सुमारे १३१ किलोमीटर, म्हणजे नर्मदेच्या दहाव्या हिश्श्याएवढी. तरी उगमापासून मुखापर्यंत तिच्या काठाने चाललेला गृहस्थ आपल्या मंडळीत एकही नाही. जलाशयाचे पाणी आपण शोभा म्हणून पाहतो. त्याखाली कोणाची तरी शेते होती, हे मनात येत नाही.

येथे आमची स्वतःची एक चूक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दहाबारा तरुणांस घेऊन जलाशयाच्या वरच्या अंगास, एका ओहोळाच्या काठाने तीन दिवस चालण्यास निघालो. दुसऱ्या दिवशी सांज झाली तेव्हा मोठ्या झाडांखाली एक स्वच्छ, सपाट जागा दिसली. पाडा जवळच होता. परंतु कोणास विचारावे, हे आम्हास सुचले नाही. आम्ही चूल मांडली, स्वयंपाक केला आणि झाडाशेजारच्या एका लाकडी खांबास दोरी बांधून ओले कपडे वाळत घातले.

सकाळी एक वृद्ध वारली गृहस्थ आले. त्यांनी राखेकडे पाहिले, मग खांबाकडे. उजेडात आम्हास दिसले की त्या खांबावर वाघ कोरलेला आहे, वर सूर्य आणि चंद्र आहेत. तो वाघदेव होता. आम्ही लज्जेने मान खाली घातली. ते रागावले नाहीत. त्यांनी इतकेच विचारले, “रात्री पाणी मिळालं का तुम्हाला?” आणि नातवाकरवी नागलीच्या पेजेचे भांडे पाठवून दिले.

आम्ही दोरी सोडली, जागा झाडून काढली आणि प्रायश्चित्त काय करावे असे त्यांस विचारले. ते म्हणाले, “वाघबारशीला या, नारळ द्या.” त्या वर्षी आश्विन वद्य द्वादशीस आम्ही गेलो. ज्यांच्या देवाच्या खांबास आम्ही दोरी बांधली होती, त्यांनी आम्हास पंक्तीस बसविले. नर्मदेचा परिक्रमावासी प्रत्येक दारी आधी हाक देतो, तो नियम का आहे, हे आम्हास त्या दिवशी उमगले. देवळात शिरताना आपण पादत्राणे बाहेर ठेवतो. रान हेही कोणाचे तरी देऊळ असते.

५. जाणाऱ्यांसाठी काही सूचना

(१) कार्तिक ते फाल्गुन हा काळ आपल्या मुलखात पायी चालण्यास उत्तम. कोरड्या ओहोळाच्या पात्रात कधीही मुक्काम करू नये.

(२) पाठीवरचे ओझे स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी असावे. नवे जोडे यात्रेच्या दिवशी प्रथम घालू नयेत. महिनाभर आधी घरी वापरून पाय तयार करावेत.

(३) जंगलात जाण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी. कोणत्या दिवशी कोठे मुक्काम आहे हे घरी लिहून द्यावे.

(४) नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे विषारी साप या भागांत आढळतात. रात्री विजेरीवाचून पाऊल टाकू नये. दंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, मंत्रतंत्रात वेळ दवडू नये. रोग्यास धीर द्यावा, दंशाचा अवयव हलू देऊ नये आणि त्वरित रुग्णालयात न्यावे.

(५) गावात पोहोचताच प्रथम वडीलधाऱ्यांस भेटावे, मुक्कामाची व पाण्याची जागा विचारावी. विचारल्यावाचून छायाचित्र काढू नये. नेलेला कचरा परत आणावा. अन्न मिळाल्यास त्याचे मोल देऊ करावे. ते नाकारले गेल्यास त्या घरास आपल्याकडून कोणते साहाय्य होईल ते पाहावे.

६. उपसंहार

आता त्या पितापुत्रांस आमचे उत्तर. कर्तव्याच्या भीतीने यात्रा टाळावी, असे आम्ही म्हणत नाही. कर्तव्यास कंटाळून यात्रेस निघावे, असेही म्हणत नाही. रोहित पळाला होता, म्हणून इतकी वर्षे हिंडूनही तो होता तेथेच राहिला. विष्णुभट घरच्यांसाठी निघाले होते, म्हणून लुटले गेल्यावरही रित्या हातांनी परतले नाहीत. आपण कोणासाठी निघतो आहोत आणि परतून कोणास काय देणार आहोत, याचे उत्तर ज्याच्यापाशी आहे त्याने अवश्य जावे.

तथापि नर्मदेपूर्वी दमणगंगेस वंदन करावे. येत्या पौषात आपल्या मंडळीने तिचा पहिला टप्पा उगमापासून चालावा, प्रतिवर्षी एक टप्पा घ्यावा आणि काही वर्षांनी दमणच्या किनाऱ्यावर ही यात्रा पुरी करावी, अशी आमची सूचना आहे. आम्ही ती प्रथम त्या दोघांपुढे ठेवली. मुलाने होकार दिला. वडील क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “पहिला टप्पा मीही येतो. पुढचे त्याचे तो ठरवील.” आणखी जी कुटुंबे येऊ इच्छितात त्यांनी आपली नावे मंदिराच्या कार्यालयात द्यावीत.

मननासाठी प्रश्न :

१. सहा वर्षे अरण्यात राहूनही रोहितास अजीगर्ताच्या मुलाचे दुःख का कळले नाही?

२. नदी न ओलांडण्याच्या नियमाने यात्रेकरूस कोणती शिकवण मिळते?

३. आपल्या घरापासून एका दिवसाच्या चालीवर असलेल्या किती पाड्यांची नावे आपणास सांगता येतील? तेथील किती माणसांस आपण नावाने हाक मारू शकतो?

तिसरा प्रश्न घरातील मुलांनी वडिलांस विचारावा आणि वडिलांनी प्रामाणिकपणे उत्तर द्यावे, ही विनंती.