सुट्टी संपल्यावरची तारीख

बंगळूरजवळच्या बोम्मसंद्रात, वेगळ्या राहणाऱ्या बायकोच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमननं वही पुढं केली. ‘नातं’ या रकान्यात मी ‘वडील’ लिहिलं. त्यानं वर फोन लावला आणि मान हलवली, घरी कुणी नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोरीवर लेकीचा गणवेश वाळत होता, पाणी अजून ठिबकत होतं. त्या क्षणी कळलं, ‘समजुतीनं घेऊ’ म्हणत मी दोन वर्षं वाया घालवली.

चूक माझीही झाली, नाही कशाला म्हणू? लग्न साताऱ्याचं, घर साताऱ्याचं, म्हणून लेकीच्या ताब्याचा अर्जही तिथंच केला. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याप्रमाणे मूल जिथं नेहमी राहतं तिथल्या कोर्टात जावं लागतं. हे वकिलानं आधी सांगायला नको? अर्ज परत आला. इकडे, लेक राहते तिथं, नव्यानं केला, तर तारीख पडली माझी फौजेतली साठ दिवसांची सुट्टी संपल्यावर चौथ्या दिवशी. वर तिचा वकील विचारतो, ‘‘सारखी बदली होणारा माणूस मूल कसं सांभाळणार?’’ दरमहा माझ्या पगारातून पोटगी कापतात, तेव्हा बदली आड येत नाही!

फौजी भावांनो, आर्मी ॲक्ट १९५० चं कलम ३२ पाठ करा. खटल्यासाठी सुट्टी मंजूर झाल्याचं किंवा मागितल्याचं युनिटचं प्रमाणपत्र जोडून अर्ज दिला, की कोर्टानं शक्यतो त्याच सुट्टीत सुनावणी संपवायची असते. मला हे सुभेदार साहेबांनी सांगितलं, फी घेणाऱ्यानं नाही.

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच राहतं. मी अर्ज केला तेव्हा माझी लेक चार वर्षांची होती. तिथं डोकं आपटू नका, भेटीचा हक्क मागा. यशिता साहू खटल्यात २०२० साली सुप्रीम कोर्टानं म्हटलंय, विशेष कारण नसेल तर ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता आलं पाहिजे. आदेशात वेळ आणि नंबर लिहून घ्या. पोस्टवर रेंज नसली तर तो फोन कधी भरून द्यायचा, तेही लिहून घ्या. नाहीतर ‘बापच फोन करत नाही’ असं ऐकावं लागतं.

वकील चांगला बघा. शाळेच्या फीच्या पावत्या जपा. डोकं शांत ठेवा. आणि फोनवर शिव्या देऊ नका, रेकॉर्ड होतात. माझ्या झाल्या.