घरदुरुस्ती आणि बांधकाम परवानगी
२० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीत फरशी बसविण्याचे काम चालू असता चौथ्या मजल्याचा स्लॅब कोसळून ६ जण मृत्युमुखी पडले. ठाणे व कल्याण-डोंबिवलीस लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीनुसार रंगकाम, गिलावा, फरशी बदलणे यांस परवानगी लागत नाही. मात्र इमारतीच्या स्थैर्यास बाध येता कामा नये. खांब वा तुळई हलविणे, खोली वाढविणे यासाठी १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ४४ अन्वये महानगरपालिकेकडे अर्ज करावा लागतो. परवानगीतून सूट म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. जुन्या इमारतीत नव्या फरशीचा भार घालण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला अवश्य घ्यावा. शिक्षकांनी व लोकप्रतिनिधींनी ही गोष्ट घरोघरी समजावून द्यावी.