लग्नघरात खलनायक लागत नाही

प्रश्न : घरच्या लग्नावर बेतलेल्या विनोदी प्रेमपटांत खलनायक जवळजवळ नसतोच. सगळेच गोड! मग अडीच-तीन तास लग्न अडतं तरी कशावर?
– एक वाचक, मानपुर (जि. इंदूर)

उत्तर : बहुतेक वेळा वडीलधाऱ्यांच्या शब्दावर. मराठी प्रेक्षकाला ही खुबी सिनेमाच्याही आधीपासून ठाऊक आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आलं. सुभद्रेचं मन अर्जुनावर, पण थोरल्या बलरामदादांनी शब्द दिलेला दुर्योधनाला. दादा दुष्ट नाहीत. त्यांच्या मते स्थळ उत्तम आहे. त्यांना तोंडावर 'नाही' कोण म्हणणार? म्हणून कृष्ण आडवाटेनं जातो. अर्जुन संन्याशाच्या वेषात द्वारकेत येतो आणि त्याच्या सेवेला बहिणीला नेमतो तो खुद्द बलराम! नावं पुराणातली, घर मात्र अस्सल मराठी.

'हम आपके हैं कौन' (१९९४) बघा. थोरली सून अपघातात जाते. तान्ह्या बाळाला आई हवी म्हणून तिच्या बहिणीचं, निशाचं, लग्न वडीलधारे विधुर जावयाशी ठरवतात. साऱ्यांचा हेतू चांगला, म्हणूनच निशा आणि तिच्यावर जीव जडलेला जावयाचा धाकटा भाऊ प्रेम, दोघांचीही तोंडं बंद. इथे कृष्णाचं काम टफी नावाचा कुत्रा करतो. प्रेमसाठी दिलेली चिठ्ठी तो थेट नवरदेवाकडे नेतो. परदेशातही तीच तऱ्हा : 'माय बिग फॅट ग्रीक वेडिंग'मध्ये (२००२) बापाला ग्रीकच जावई हवा, म्हणून मुलीचा बिगर-ग्रीक प्रियकर, बिचारा इयन, ग्रीक चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतो.

दुसरी सोय मुहूर्ताची. कार्यालय घेतलं, पत्रिका वाटल्या की एरवी वर्षभर मनात दडवता आली असती ती गोष्ट हळद लागायच्या आत बोलावीच लागते. त्यात आत्या, मावश्या, काका एकाच छपराखाली. दोघांना बोलायला कोपरा मिळत नाही. हशा पिकतो तो तिथेच.

आता धाक ओसरलाय. 'मुंबई-पुणे-मुंबई २'मध्ये (२०१५) दोन्ही घरं राजी, तयारी जोरात. कच खाते ती नवरीमुलगीच. अडसर बैठकीच्या खोलीतून मनात गेला, एवढाच फरक.

इंदूर तुम्हाला लांब नाही. तिथे 'सौभद्र'चा प्रयोग लागला तर चुकवू नका आणि अर्जुनापेक्षा बलरामाकडे अधिक लक्ष ठेवा.